घरून जीएसटीचं काम, ऑल-इन-वन प्रिंटर कुठला घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की चिपळूणला घर, वहिनींनी नोकरी सोडून घरूनच जीएसटी आणि इन्कम टॅक्स रिटर्नची कामं सुरू केलीत, महिन्याला साधारण ३०० पानं काळी, मुलांच्या शाळेची वीस-तीस रंगीत, स्कॅनिंग भरपूर, बजेट १५ हजार पण थोडं ताणता येईल, लाइट जाते म्हणून घरात इन्व्हर्टर आहे. दुकानदार एकीकडे लॅपटॉपसोबत छोटा प्रिंटर जवळजवळ फुकट देतोय आणि दुसरीकडे म्हणतोय लेझरच घ्या, डोक्याला ताप नाही. आणि शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की मे महिन्यात तीन-चार आठवडे सगळे मुंबईला असतो. हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण माझ्या दृष्टीने प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे.

मी रत्नागिरीत २२ वर्षं प्रिंटर रिपेअरिंग करतोय, आधी डॉट मॅट्रिक्सपासून, आता जास्त करून इंक टँक, म्हणजे बाटलीने शाई भरायच्या टाक्यांचे प्रिंटर, आणि लेझर. माझं मत आधीच सांगून टाकतो, तुम्ही इंक टँकच घ्या, पण वर एडीएफ (गठ्ठा ठेवला की एकेक पान स्वतः ओढून स्कॅन करणारा ट्रे) असलेला आणि काळी शाई पिगमेंटवाली, म्हणजे पाण्याने सहसा न पसरणारी, असलेला, त्यासाठी बजेट वीस हजारांच्या थोडं वर न्यावं लागेल. का ते आता नीट सांगतो, कारण तुमच्या घरातला एखादा आकडा वेगळा असेल तर उत्तरही बदलेल.

लोक दुकानात जाऊन पहिलं विचारतात मशीन केवढ्याला. मी गिऱ्हाइकाला दोनच गोष्टी विचारतो, महिन्याला पानं किती आणि सलग किती दिवस प्रिंटर बंद पडून राहणार. पानं किती यावरून खर्च ठरतो, आणि किती दिवस बंद यावरून मशीन जगणार की नाही ते ठरतं. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे शाईचे प्रिंटर वापरून झिजलेले कमी आणि न वापरून मेलेले जास्त असतात.

आधी तो फुकटवाला प्रिंटर बाजूला करू. तो कार्ट्रिजचा असतो, आत छोटंसं काळं आणि एक रंगीत कार्ट्रिज. लहान काळं कार्ट्रिज शंभर-दीडशे पानं देतं आणि त्याला आठ-नऊशे रुपये पडतात, म्हणजे पानाला सहा रुपये, मोठं कार्ट्रिज बसणारं मॉडेल असेल तर दोन-अडीच रुपये. तुमची महिन्याला ३०० पानं म्हणजे तीन वर्षांत १०,८०० पानं, गुणून बघा, नुसत्या शाईचे २७ हजार ते ६५ हजार होतात. आणि पेटीवर लिहिलेली पानं मिळतीलच असंही नाही, कारण ती मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे, शाईच्या प्रिंटरसाठी आयएसओ २४७११ आणि काळ्या लेझर टोनरसाठी आयएसओ १९७५२, त्यात ठरावीक नमुना पानं सलग छापतात आणि पानाचा साधारण पाच टक्के भागच शाईने भरतो असं धरलेलं असतं. पाच टक्के म्हणजे मोकळंढाकळं पत्र. वहिनींच्या कामात बॅलन्स शीट, आधार-पॅनच्या झेरॉक्स, बँकेचं स्टेटमेंट असं असतं, आणि आधारची झेरॉक्स काढली की फोटो आणि करडी पार्श्वभूमी मिळून शाई कितीतरी जास्त जाते. म्हणून कंपनीच्या आकड्यातून मी नेहमी पाव हिस्सा वजा करूनच हिशेब धरतो. ज्यांची महिन्याला दहा-पंधराच पानं आहेत त्यांना हा छोटा प्रिंटर चालेल, कारण तिथे कार्ट्रिजबरोबर हेडही, म्हणजे कागदावर शाई उडवणारा भागही, नवीन मिळतं आणि सुकलं तरी नुकसान एका कार्ट्रिजचंच होतं. तुमच्यासाठी मात्र नाही.

आता लेझर. दुकानदार खोटं बोलत नाहीये, हे आधी मान्य करू. लेझरमध्ये पातळ शाईच नसते, टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक पूड, ती विजेच्या भाराने ड्रमवर चिकटते, तिथून कागदावर येते आणि १८०-२०० अंशाला तापलेल्या फ्यूजरमध्ये वितळून कागदाला पक्की बसते. त्यामुळे दोन महिने बंद ठेवा, आल्यावर बटण दाबा, पान येतं. अक्षर कडक, पाण्याचा थेंब पडला तरी पसरत नाही, आणि सलग पन्नास पानं काढायची असतील तर शाईवाला त्याच्या जवळपास पोचत नाही. वकील, शाळेचं ऑफिस, पतसंस्था, यांना मी आजही काळा लेझरच देतो.

तुमच्याकडे तो अडतो दोन ठिकाणी. एक म्हणजे इन्व्हर्टर. तो फ्यूजर म्हणजे शेवटी एक हीटर, छापताना लेझर सरासरी चारशे वॉटच्या आसपास खातो आणि हीटर चालू होतो त्या क्षणी आठ-नऊशेच्याही पुढे जातो. घरचा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर साधारण सातशे वॉटचा, त्यावर आधीच पंखे, लाइट, राउटर असतात, म्हणजे तो ट्रिप होणार. बऱ्याच वर्षांपूर्वी मी क्लास घेणाऱ्या एका बाईंना लेझर सुचवला होता आणि इन्व्हर्टर आहे का हे विचारलंच नव्हतं. त्यांचा ऐन परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांच्या दिवशी लाइट गेल्यावर सगळा खोळंबा झाला, तो प्रिंटर मीच सुचवलेला होता आणि मला त्याचं फार वाईट वाटलं, तेव्हापासून हा प्रश्न मी कधी विसरत नाही. इंक टँक छापताना दहा-पंधरा वॉटच खातो, एलईडी बल्बएवढा, इन्व्हर्टरला कळतसुद्धा नाही. जीएसटीआर-१ रिटर्नची ११ तारीख आणि ३बी रिटर्नची २० तारीख लाइट आहे का बघून येत नाही, त्यामुळे कोकणात घरून हे काम करणाऱ्याला हा मुद्दा छोटा नाही.

दुसरं टोनरचं. एचपीचं ८८ए कार्ट्रिज बघा, आपल्याकडे सगळ्यात जास्त चालणाऱ्यांपैकी एक, कंपनीच्या आकड्याप्रमाणे १५०० पानं. ओरिजिनल घेतलं तर पान तीन रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे तुमच्या १०,८०० पानांना सातेक कार्ट्रिज लागली तर तीसेक हजारांचा खेळ. ब्रदरसारख्या मशीनमध्ये टोनर वेगळा आणि ड्रम वेगळा, उदाहरणार्थ टीएन-२३६५ टोनर २६०० पानांचा आणि ड्रम १२,००० पानांचा, तिथे पान दीड-दोन रुपयांवर येतं. म्हणून लोक रिफिल करतात, दोन-अडीचशे रुपयांत टोनर भरून मिळतो, पान वीस पैशांवर येतं, मीही करून देतो. पण दोन-तीन रिफिलनंतर ड्रम आणि ब्लेड बदलावं लागतं नाहीतर पानाच्या कडेला काळा पट्टा येतो, पूड सांडते, आणि नव्या मॉडेल्सच्या कार्ट्रिजमध्ये चिप असते, मशीनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की बाहेरचं कार्ट्रिज नाकारलं जाऊ शकतं. घेण्याआधी आपल्या गावातल्या रिफिलवाल्याला कार्ट्रिजचा नंबर दाखवून विचारा की हे भरतोस का. आणि मुलांची रंगीत पानं लेझरवर काढायची तर कलर लेझर, त्याची चार टोनर, तो विषयच सोडा.

आता इंक टँक. हे कंपन्यांनी काढायच्या आधी आपल्याकडे बाजारात नळ्या आणि बाटल्यांची किटं मिळायची, सीआयएसएस म्हणायचो, कार्ट्रिजला भोक पाडून बाहेरून शाई द्यायची, मीच कितीतरी बसवलीत आणि सांडलेली शाई पुसलीये. मग २०१० मध्ये एप्सनने इंडोनेशियात टाकी कारखान्यातूनच बसवलेला प्रिंटर काढला, नंतर तो भारतात आला, आणि आता एप्सन, कॅनन, एचपी, ब्रदर चौघांचेही आहेत. यात शाईचा खर्च जवळजवळ संपतो. एप्सनची ००३ नंबरची काळी बाटली ६५ मिलीची, कंपनी म्हणते ४५०० पानं, आपण ३५०० धरू, म्हणजे तीन वर्षांत तीन-चार बाटल्या, त्यात रंगीत धरलं तरी सगळं मिळून पाच हजारांच्या आत. फक्त पहिली बाटली लवकर संपली म्हणून घाबरू नका, नवीन मशीनच्या नळ्या भरायलाच तिच्यातली बरीच शाई जाते.

आणि इथे एक गंमत बघा, तीन वर्षांत तुमची रंगीत धरून पावणेबारा हजार पानं म्हणजे कागदाची २३-२४ रिमं लागतील, त्याचेच साडेसहा-सात हजार होतात. म्हणजे शाईपेक्षा कागद महाग. म्हणून पाठपोट प्रिंट आपोआप निघणारं मशीन, म्हणजे ऑटो डुप्लेक्स, घ्या असं मी सांगतो, वहिनींची कच्ची वर्किंग्ज आणि घरच्या फायलीतल्या कॉप्या पाठपोट निघाल्या तर तीन वर्षांत दोनेक हजारांचा कागद आणि कपाटातली अर्धी जागा वाचते.

मग इंक टँकचं दुखणं काय, तर हेड. केसापेक्षा बारीक शेकडो छिद्रं असतात, त्यातून शाई उडते. एप्सन आणि ब्रदरमध्ये ती पीझो स्फटिकाला वीज देऊन त्याच्या दाबाने उडवतात, एचपी आणि कॅननमध्ये शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या जोरावर. ही दुसरी पद्धत कशी सुचली ते मला फार आवडतं, १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईतून शाई उडाली, तिथून बबल जेट निघाला. रोज सोल्डरिंग आयर्न हातात धरणाऱ्या माणसाला हे वाचून बरं वाटतं. कामापुरता फरक एवढाच की पीझो हेड टिकाऊ पण मशीनमध्ये पक्कं बसवलेलं आणि महाग, थर्मलमध्ये, म्हणजे तापवायच्या पद्धतीत, बऱ्याच टँक मॉडेल्सचं हेड सुटं मिळतं आणि बदलायला सोपं.

दोन्हीत शत्रू एकच, सुकणं. आमच्याकडचे एक विमा एजंट, प्रिंटर घेऊन वर्ष झालेलं, लेकीकडे बेंगळुरूला दोन महिने गेले, एप्रिल-मे, घर बंद, वर पत्रा. परत आले तर काळा रंग पूर्ण बंद. त्यांनी घाबरून हेड क्लीनिंग लागोपाठ वीस-बावीस वेळा मारलं, शाई अर्धी संपली, वेस्ट पॅड भरत आलं आणि हेड ते नाहीच उघडलं, नव्या हेडचा खर्च मशीनच्या निम्म्याहून जास्त. क्लीनिंग दोन-तीनदाच करायचं, नाही सुटलं तर मशीन बंद करून दहा-बारा तास तसंच ठेवायचं, आत सुकलेली शाई भिजायला वेळ लागतो, मग परत नोझल चेक, म्हणजे सगळी छिद्रं चालतात का ते दाखवणारं पान, काढायचा. बहुतेक वेळा सकाळी सुटलेलं असतं. वेस्ट पॅड म्हणजे क्लीनिंगची वाया गेलेली शाई शोषणारा आतला बोळा, तो भरला की मशीन छपाईच थांबवतं. काही नव्या मॉडेल्समध्ये तो डबीसारखा बाहेर काढून आपणच बदलता येतो, अशी सोय असेल तर ती हजार रुपये जास्त देऊनही घेण्यासारखी आहे.

आणि ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, प्रिंटर बंद करायचा तो त्याच्याच बटणाने, भिंतीवरच्या बोर्डाचा स्विच आधी नाही. बटणाने बंद केला की हेड सरकून आपल्या जागेवर जातं आणि खाली रबरी झाकण बसतं. छापता छापता बोर्डावरून बंद केलं तर हेड मध्येच उघडं राहतं आणि रात्रभर सुकतं. आपल्याकडे रात्री झोपताना सगळे स्विच बंद करायची सवय चांगलीच आहे, फक्त आधी प्रिंटरचं बटण. मी दर तीन चोक झालेल्या प्रिंटरमागे एकाच्या घरी हेच कारण ऐकतो.

तुमच्याकडे महिन्याला ३०० पानं आहेत म्हणजे काळा रंग वाहता राहील. रंगीत तीन मात्र शाळेचा प्रोजेक्ट असेल तेव्हाच चालणार, म्हणून आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, चारही रंग असलेलं एक पान काढायचं, मुलांना चित्र निवडू द्या.

शाईचा प्रकार हा मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही. डाय शाई पाण्यासारखी, कागदात मुरते, फोटोला छान, पण थेंब पडला की पसरते आणि हायलायटर फिरवला की काळं फरफटतं. पिगमेंट शाईत बारीक कण असतात, ते कागदाच्या वर बसतात, सुकल्यावर पाण्याने सहसा हलत नाहीत. जुलै म्हणजे वहिनींचा रिटर्नचा सीझन आणि तोच आपल्याकडे धो धो पावसाचा महिना, क्लायंट कागद पिशवीत घालून स्कूटरवरून जाणार, तर काळी शाई पिगमेंटच पाहिजे. ००३ बाटलीवाली एप्सनची स्वस्त मॉडेलं, म्हणजे एल ३२५० किंवा एडीएफवाला एल ५२९०, यांची काळीसुद्धा डाय आहे. एप्सनचीच ००१ काळी बाटली पिगमेंट आहे, ती एल ६२७० सारख्या वरच्या मॉडेलात बसते. ब्रदर टँकची काळी पिगमेंट, एचपी स्मार्ट टँकची काळी पिगमेंट, रंगीत मात्र या सगळ्यांच्या डायच.

आता स्कॅनर, आणि माझं ठाम मत आहे की वहिनींच्या धंद्यात प्रिंटपेक्षा स्कॅन मोठं. क्लायंट बिलांचा गठ्ठा, बँक स्टेटमेंट, भाडेकरार, विमा पावत्या आणून देतो. चाळीस पानं काचेवर एकेक ठेवून स्कॅन करायची, झाकण उघडा, ठेवा, बंद करा, बटण दाबा, पानाला अर्धा मिनिट धरलं तरी वीस मिनिटं गेली आणि दुसरं काही करता येत नाही. एडीएफ म्हणजे वर गठ्ठा ठेवायचा ट्रे, तो एकेक पान स्वतः ओढतो, वीस ते पस्तीस पानं एका वेळी घेतो, तोवर वहिनी दुसरं काम करू शकतात. या किमतीत एडीएफ एकाच बाजूचं स्कॅन करतो, पाठपोट कागद असेल तर गठ्ठा उलटून परत लावावा लागतो, तरी पुष्कळ वेळ वाचतो. म्हणून बजेट वाढवायचं असेल तर ते एडीएफसाठी वाढवा, स्क्रीन मोठी आहे, रंग पांढरा आहे यासाठी नको.

दुसरा फायदा लीगल साइजचा. साध्या मशीनची काच ए-४ एवढीच असते, २१६ बाय २९७ मिलिमीटर. आपल्याकडे खरेदीखतं, करार, जुने दस्त लीगलवर असतात, ते काचेवर ठेवले की खालच्या सह्या आणि शिक्का कापला जातो. एडीएफमधून बऱ्याच मॉडेल्सना लीगल जातं, पण सगळ्यांना नाही, त्यामुळे स्पेसिफिकेशनमध्ये एडीएफचा साइज वेगळा बघा, प्रिंटचा साइज लीगल लिहिलेला असतो त्यावर जाऊ नका. छापतानाही एक लक्षात ठेवा, अमेरिकन लीगल ३५६ मिमी लांब आणि आपल्याकडे मिळणारा कागद ३४५ मिमीचा, सेटिंगमध्ये इंडियन लीगल निवडलं नाही तर शेवटच्या ओळी कागदाबाहेर जातात, याच एका कारणासाठी मला कितीतरी फोन येतात.

स्कॅनचं रिझोल्युशन लोक उगाच ६०० ठेवतात. कागदपत्रांना २०० डीपीआय, ग्रेस्केल, पीडीएफ, एवढं पुरतं, बारीक अक्षर असेल तर ३००. आपले सरकारसारख्या पोर्टलला कागद ५०० केबीच्या आत लागतो, ६०० डीपीआयवर कलरमध्ये काढलेलं एक पान कित्येक एमबी होतं आणि मग बारीक करणाऱ्या वेबसाइटवर क्लायंटचे पॅन-आधार चढवावे लागतात, ते मला अजिबात पटत नाही, दुसऱ्याचे कागद आहेत ते. पहिल्यापासूनच नीट स्कॅन केलं तर ही वेळ येत नाही. पासबुक किंवा बांधलेलं वहीखातं मात्र काचेवरच, आणि दाबून धरा, कारण हल्ली सगळ्यांत सीआयएस सेन्सर असतो, त्याला काचेला चिकटलेलंच स्पष्ट दिसतं, शिवणीजवळ कागद उचलला की पुसट येतं. पेट्रोल पंपाची, हॉटेलची ती गुळगुळीत थर्मल बिलं आली त्याच दिवशी स्कॅन करून टाका, सहा महिन्यांनी कोरा कागद हातात राहतो.

एडीएफमध्ये गठ्ठा लावायच्या आधी स्टेपलरच्या पिना काढायच्या, सगळ्या, बोट फिरवून. एक पिन आतल्या काचेच्या पट्टीवर घासली की पुढच्या प्रत्येक पानावर उभी काळी रेघ. रेघ आली म्हणून लगेच मशीन माझ्यासारख्याकडे आणू नका, आधी ती बारीक पट्टी मऊ कापडाने पुसा, दहात आठ वेळा व्हाइटनर किंवा गोंद लागलेला असतो.

वायफायचं फार लिहीत नाही. बरेच प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, राउटरवर ५ आणि २.४ चं नाव एकच असेल तर जोडताना त्रास होतो, इंटरनेटवाल्याला सांगून २.४ चं नाव वेगळं करून घ्या. आणि वहिनींच्या कॉम्प्युटरला यूएसबी केबलही लावून ठेवा, २० तारखेला वायफाय शोधत बसायला नको.

कागदाची जागा कुठे आहे ते मात्र बघा. मागच्या बाजूला उघडा ट्रे असलेलं मशीन आणि घरात लहान मुलं, म्हणजे पेन्सिल, केसांची क्लिप, एक रुपयाचं नाणं आत जाणारच, माझ्या घरगुती कॉल्समध्ये सगळ्यात जास्त हेच निघतं. खाली कॅसेट, म्हणजे खणासारखा बंद ट्रे, असलेलं मशीन घेतलं तर हे टळतं, कागदावर धूळ बसत नाही, पाली-झुरळंही कमी शिरतात. पण स्टॅम्प पेपरसारखा जाड, घडी पडलेला कागद कॅसेटमधून वळसा घेताना अडकतो, त्याला मागचा सरळ रस्ता बरा. वहिनींना करारनामे छापायचे असतील तर कॅसेटबरोबर मागून एकेक पान घालायची सोय आहे ना ते बघून घ्या.

पावसाळ्यात आपल्याकडे अर्ध्या तक्रारी मशीनच्या नसतातच, कागदाच्या असतात. रिम फोडून टेबलावर ठेवली की दोन दिवसांत कागद दमट होतो, कडा वळतात, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, लेझरमध्ये तर वाफ निघते आणि पान गुंडाळी होऊन बाहेर येतं. लागतील तेवढे पन्नास-साठ कागद घाला, बाकीची रिम तिच्याच वेष्टनात, वरून प्लास्टिकची पिशवी बांधून कपाटात. कागद ७५ जीएसएमचा घ्या, पाठपोटला ७० चा पातळ पडतो, मागचं दिसतं. आणि चिपळूणकरांना मी काय सांगायचं, २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तिकडून आलेल्या चिखल भरलेल्या मशीन मी आठवडाभर उघडत होतो, त्यातल्या फारच थोड्या वाचल्या. तळमजला असेल तर निदान जुलै-ऑगस्टमध्ये प्रिंटर आणि क्लायंटच्या फायली वरच्या मजल्यावर किंवा उंच ठेवा. फक्त इंक टँक उचलताना तिरका करायचा नाही, शाई आत सांडते, आणि स्कूटरवर मांडीत घेऊन तर कधीच न्यायचा नाही.

तर मॉडेल. हे लिहितोय त्या यादीत ब्रदर डीसीपी-टी ८२० डीडब्ल्यू, एचपी स्मार्ट टँक ७५० आणि एप्सन एल ६२७० या तिघांत एडीएफ आहे, ऑटो डुप्लेक्स आहे आणि काळी पिगमेंट आहे. साधारण वीस ते अठ्ठावीस हजारांत, एप्सन त्यात महाग. नंबर दर दोन वर्षांनी बदलतात, त्यामुळे नावापेक्षा या तीन गोष्टी लक्षात ठेवा. तिघांपैकी कुठला, तर ज्याचा सर्व्हिस इंजिनीअर चिपळूणच्या तुमच्या पिनकोडला घरी येतो तो. हे दुकानदाराला नाही, कंपनीच्या टोल फ्री नंबरला फोन करून विचारा, कॅरी-इन, म्हणजे मशीन तुम्हीच न्यायचं, म्हणाले तर जवळचं सेंटर कुठे ते विचारा, कोल्हापूर किंवा पनवेल निघालं तर ती वॉरंटी असून नसल्यासारखीच. वॉरंटी वर्षाची असली तरी बरोबर पानांची मर्यादाही असते, जे आधी होईल ते. काही कंपन्या वेबसाइटवर नोंद केली तर मुदत वाढवतात, ती नोंद बिल मिळाल्याच दिवशी करून टाका. वॉरंटी आहे तोवर शाई कंपनीचीच भरा, चार बाटल्यांचा प्रश्न आहे, लोकल शाईने हेड गेलं तर वाचवलेले पाचशे रुपये कुठल्या कुठे जातात.

बजेट १५ हजाराच्या वर अजिबात जात नसेल तर एडीएफ सोडा, पण पिगमेंट काळी सोडू नका, साधा टँक घ्या आणि मोठे गठ्ठे स्कॅन करायला मोबाइलचं स्कॅन ॲप वापरा, सपाट उजेडात बिलं बरी येतात.

आता तुमचा मे महिना. जायच्या आदल्या दिवशी टाक्या खालच्या रेषेच्या वर आहेत का बघा, शाई रेषेखाली गेली की नळ्यांत हवा शिरू शकते आणि मग ती काढायला पॉवर क्लीनिंग, म्हणजे नळ्यांतली सगळी शाई ओढणारं मोठं क्लीनिंग, लागतं, त्यात खूप शाई जाते. एक नोझल चेक काढा, बटणाने बंद करा, मग बोर्डातून प्लगची पिन काढा, कागद काढून घ्या, वरून सुती कापड टाका आणि खिडकीच्या किंवा पत्र्याच्या खोलीत न ठेवता घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. शेजारी किल्ली असणारं कोणी असेल तर पंधरा दिवसांनी येऊन त्यांना पिन लावून, एक-दोन कागद घालून फक्त बटण दाबून रंगीत टेस्ट पेज काढायला सांगा, त्याला कॉम्प्युटर लागत नाही, मशीनवरूनच निघतं, कुठली बटणं ते कागदावर लिहून प्रिंटरला चिकटवून ठेवा. आल्यावर पहिलं पान फिकट आलं तर एकदाच क्लीनिंग करा आणि रात्रभर थांबा. जूनच्या पहिल्या आठवड्यात काळ्या शाईची एक जादा बाटली आणून ठेवा, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रिटर्नची गर्दी असते तेव्हा नेमकी तीच बाटली बाजारात मिळत नाही असा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.